स्फोटकांची आयात : जहाज सुटण्याआधी फाइल कशी पूर्ण करावी

खंभातजवळच्या लुणेज येथे 1958 मध्ये आणि अंकलेश्वरला 1960 मध्ये तेल सापडल्यापासून वडोदरा हे तेलक्षेत्राच्या कामकाजाचे शहर झाले, आणि त्यामुळेच आपल्या या शहरात असे काही कागद नेहमी हाताळले जातात जे इतरत्र क्वचितच दिसतात. विहिरीत पोलादी नळ उतरवून त्याच्या भोवती सिमेंट भरल्यावर, तेलाला आत येण्यासाठी त्या नळाला आणि सिमेंटला आरपार छिद्रे पाडावी लागतात. ती पाडणारी छोटी, पेल्याच्या आकाराची चार्जेस अनेकदा परदेशातून येतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती स्फोटके असतात. अशा मालाच्या आयातीची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी बावीस वर्षे करत आलो आहे. आता ही जबाबदारी इथल्या अनेक मराठी तरुण-तरुणींकडे येत असल्याने, त्यांना उपयोगी पडेल असा क्रम लिहून ठेवत आहे.

या कामात वेळ कुठे घालवायचा आणि कुठे अजिबात घालवायचा नाही, हे प्रथम समजून घ्यावे. तपासणीला लागणारा वेळ कार्यालयात, माल कारखान्यातून निघण्यापूर्वी घालवावा; धक्क्यावर, माल उतरल्यानंतर, एक दिवसही घालवू नये. 12 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या. स्फोटके तातडीने उतरवली गेली नाहीत आणि 14 तारखेला गोदी उद्ध्वस्त झाली. त्यात प्राण गमावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. बैरूतच्या बंदरात 2,750 टन अमोनियम नायट्रेट निर्णयाअभावी वर्षानुवर्षे पडून राहिले आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी त्याने दोनशेहून अधिक माणसे मारली. दोन्ही ठिकाणी धोकादायक माल थांबू नये तिथे थांबला होता, म्हणून परवान्याच्या फाइलकडे केवळ कारकुनी काम म्हणून पाहता येत नाही.

माल नेमका कोणता, हे आधी ठरवा

पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरचे व्यापारी नाव परवान्यासाठी पुरेसे नसते. त्याच्याकडून यूएन क्रमांक (धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतील क्रमांक), धोक्याचा विभाग (धोका कोणत्या प्रकारचा, हे सांगणारा 1.1 सारखा आकडा) आणि सुसंगतता गट (कोणती स्फोटके एकत्र नेता येतील, हे सांगणारे अक्षर) या तिन्ही गोष्टी लेखी मागवाव्यात, आणि त्यासोबत त्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेले वर्गीकरणाचे प्रमाणपत्रही मागवावे. हे प्रमाणपत्र मागायला पुष्कळ जण विसरतात. डेटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणारा छोटा भाग, न बसवलेल्या शेप्ड चार्जेसना (वर सांगितलेली पेल्याच्या आकाराची चार्जेस याच प्रकारची) यूएन 0059, 0439, 0440 आणि 0441 असे चार क्रमांक आहेत आणि त्यांचे विभाग व गट अनुक्रमे 1.1डी, 1.2डी, 1.4डी आणि 1.4एस असे आहेत. चार्ज तेच असूनही ते कोणत्या खोक्यात, कोणत्या कप्प्यांत आणि किती अंतर ठेवून भरले आहे, यावर क्रमांक बदलू शकतो. म्हणजे वर्गीकरण हे वस्तू आणि तिचे पॅकिंग या दोघांचे मिळून असते. पुरवठादाराने खर्च वाचवण्यासाठी खोके बदलले आणि ते आपल्याला कळवले नाही, तर आपल्या हातातला परवाना दुसऱ्याच मालाचा ठरतो. म्हणून खरेदी आदेशातच एक अट लिहावी की वर्गीकरण प्रमाणपत्रात नमूद केलेले पॅकिंग आमच्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाही.

खोक्यावरचे लेबल छायाचित्रातून तपासण्याची सवय लावून घ्यावी. नारिंगी चौकोन कोपऱ्यावर उभा असतो. 1.1 ते 1.3 या विभागांच्या लेबलवर फुटणाऱ्या बॉम्बचे चित्र असते, तर 1.4 च्या लेबलवर चित्राऐवजी मोठ्या आकड्यांत केवळ विभाग लिहिलेला असतो आणि त्याखाली गटाचे अक्षर असते. कागदावर 1.4डी आणि छायाचित्रात बॉम्बचे चित्र असे दिसले, तर तिथेच थांबून विचारणा करावी.

यानंतर तो माल भारतात अधिकृत स्फोटकांच्या यादीत आहे का, हे पाहावे. ही यादी पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन, म्हणजे ज्याला सगळे पेसो म्हणतात, ते कार्यालय ठेवते. त्याचे मुख्यालय नागपूरला असून मुख्य स्फोटक नियंत्रक तिथे बसतात, आणि वडोदऱ्यात त्याचे उपमंडळ कार्यालय आहे. माल यादीत नसेल तर नमुन्यांची चाचणी आणि मान्यता हा स्वतंत्र प्रवास सुरू होतो. नागपूरजवळ गोंडखैरी येथे पेसोचे चाचणी केंद्र आहे. या प्रवासाला लागणारे महिने विहिरीच्या वेळापत्रकात आधीच धरलेले नसतील, तर नंतर कोणालाही घाई करायला सांगण्यात अर्थ नसतो. इलेक्ट्रिक डेटोनेटरच्या बाबतीत तर प्रश्न आणखी मुळाशी आहे, कारण त्यांच्या उत्पादनावर, बाळगण्यावर आणि आयातीवर 1 एप्रिल 2025 पासून बंदी आली आहे. आपल्या डेटोनेटरला ती बंदी लागू होते की नाही, याचे उत्तर पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीकडून घेऊ नये, पेसोकडून लेखी घ्यावे.

सीमाशुल्काचे वर्गीकरण ही याच टप्प्याची दुसरी बाजू आहे. सीमाशुल्क दरपत्रकाच्या प्रकरण 36 मध्ये तयार स्फोटके 3602 खाली येतात. सेफ्टी फ्यूज, डिटोनेटिंग कॉर्ड आणि डेटोनेटर 3603 खाली येतात, आणि 2022 पासून 3603 चे वेगवेगळे उपशीर्षक झाल्याने जुन्या बिलावरून (बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्काकडे भरायचे आयातीचे घोषणापत्र) कोड उतरवून घेण्याची पद्धत आता धोक्याची आहे. कोड निश्चित झाला की त्यापुढची विदेश व्यापार महासंचालनालयाची आयात-अट त्याच दिवशी वाचावी आणि त्या पानाची प्रत तारखेसह फाइलला लावावी.

गोदाम आधी, परवाना नंतर

स्फोटक अधिनियम 1884 चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम 2008 चे आहेत. जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा मसुदा 2024 मध्ये अभिप्रायासाठी ठेवण्यात आला होता, परंतु अर्ज करणाऱ्याने आज लागू असलेल्या नियमांवरच चालावे. आयातीचा परवाना मुख्य स्फोटक नियंत्रक देतात. अर्जात मालाचे नाव आणि प्रमाण, पाठवणारा, माल कुठून निघणार, कोणत्या बंदरात येणार, आणि आल्यावर कुठे ठेवला जाणार, हे सारे सांगावे लागते. यातला शेवटचा मुद्दाच सर्वाधिक अर्ज अडवतो.

माल ठेवण्यासाठी एलई-3 नमुन्यातील परवाना असलेले स्फोटकांचे गोदाम, म्हणजे मॅगझीन, हवे. त्या परवान्यावर कोणत्या वर्गाचे किती स्फोटक ठेवता येईल हे लिहिलेले असते, आणि आयातीच्या दिवशी तिथे आधीपासून असलेला साठा त्यातून वजा करावा लागतो. मॅगझीन दुसऱ्याचे असेल, तर केवळ संमतिपत्र पुरेसे मानू नये. त्याच्या परवान्याची मुदत, त्यावरील वर्ग आणि शिल्लक क्षमता स्वतः पाहावी. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष जाऊन यावे, असे मी माझ्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो, कारण कागदावर मोकळे असलेले गोदाम प्रत्यक्षात भरलेले मी पाहिले आहे. डेटोनेटर आणि इतर स्फोटके एकत्र ठेवता येत नाहीत, त्यामुळे चार्जेससाठी जागा असणे म्हणजे डेटोनेटरसाठी जागा असणे नव्हे.

एकच तक्ता, आणि सर्व कागद त्याच्यातून

आधुनिकीकरण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पोर्टल येते. माझ्या मते त्याची सुरुवात आपल्या टेबलावरच्या एका तक्त्यापासून होते. काही वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा आग्रह कुठून आला ते कळेल.

एका कंपनीसाठी 2,000 चार्जेस यायची होती. दर नगात 39 ग्रॅम स्फोटक, म्हणजे निव्वळ स्फोटक वजन 78 किलो. परवान्यावर 78 किलोच लिहिले होते. पुरवठादाराच्या माणसाने पॅकिंग लिस्टमध्ये आकडा गोल करून 80 किलो टाकला, आणि धोकादायक मालाच्या घोषणापत्रातही तोच उतरला. इनव्हॉइसवर तर किलो नव्हतेच, केवळ नग होते. मी स्वतः ते तिन्ही कागद वेगवेगळ्या दिवशी पाहिले होते आणि प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर वाटला होता. शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. परवान्यापेक्षा दोन किलो जास्त माल येत आहे असा त्याचा अर्थ निघत होता, आणि अधिकाऱ्याने तो तसाच काढला. त्यात त्यांची चूक नव्हती. उतरवण्याची परवानगी मिळाली नाही, कंटेनर जहाजावरच राहिला आणि कोलंबोला गेला, आणि तीन आठवड्यांनी परत आला. तोपर्यंत विहिरीवर रिग भाड्याने उभा होता. ती चूक माझी होती आणि तिची खंत आजही वाटते.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मालासाठी एकच मूळ तक्ता असतो. त्यात यूएन क्रमांक, विभाग आणि गट, अधिकृत यादीतील नाव अक्षरशः तसेच, नगांची संख्या, दर नगाचे निव्वळ स्फोटक वजन, एकूण निव्वळ स्फोटक वजन, एकूण वजन, खोक्यांची संख्या, बॅच क्रमांक, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता, बंदरे आणि परवान्यांचे क्रमांक व मुदती एवढ्या नोंदी असतात. हा तक्ता पुरवठादाराला पाठवून त्याला सांगितले जाते की तुमचे सर्व कागद याच्यातून उतरवा. त्याच्याकडून आलेला प्रत्येक मसुदा, मूळ कागद छापण्याआधी, दोन माणसे तक्त्याशी पडताळतात. एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा बोट ठेवून पाहतो. बॅच क्रमांकातले शून्य आणि इंग्रजी ओ यांची गफलत डोळ्याला दिसत नाही, पण मोठ्याने वाचताना पकडली जाते. निव्वळ वजन आणि एकूण वजन यांची अदलाबदल हा दुसरा नेहमीचा दोष असतो. तांब्या-पोलादाच्या कवचामुळे या दोन आकड्यांत अनेक पटींचा फरक पडतो आणि परवाना मात्र स्फोटकाच्या वजनावर चालतो.

व्यवस्थेकडून अपेक्षा करावी अशी गोष्ट याच अनुभवातून निघते. परवाना हा पीडीएफच्या रूपात अपलोड होतो आणि दुसऱ्या टोकाला एक अधिकारी तो डोळ्यांनी वाचून बिलाशी ताडतो. परवान्यातील प्रमाण, वर्ग आणि मुदत हे आकडे थेट सीमाशुल्काच्या संगणकात गेले आणि प्रत्येक बिलागणिक त्यातून वजा होत गेले, तर विसंगती अर्ज भरतानाच दिसेल. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिकारपत्रे अशाच रीतीने सीमाशुल्काकडे जातात, तेव्हा मार्ग नवा शोधायचा नाही. यातून मालाची प्रत्यक्ष तपासणी कमी व्हावी असे मात्र मला मुळीच वाटत नाही. अधिकाऱ्याचा जो वेळ आज आकडे ताडण्यात जातो, तो खोक्याचे सील, लेबल आणि अवस्था पाहण्यात जावा, एवढेच मागणे आहे.

जहाजाच्या तारखेपासून मागे मोजत जावे

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून अमलात आला आणि त्याच्या सातव्या कलमात माल येण्यापूर्वीच कागद दाखल करून घेऊन त्यांची छाननी करण्याची तरतूद आहे. भारतात सीमाशुल्काची एक खिडकी, म्हणजे स्विफ्ट, 1 एप्रिल 2016 पासून सुरू झाली होतीच. त्यानंतर ई-संचितमुळे आधाराचे कागद ऑनलाइन जोडता येऊ लागले, आणि 2020 मध्ये चेहराविरहित मूल्यांकन देशभर लागू झाले. या सोयी स्फोटकांच्या आयातदाराला खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत, पण तो त्या आगाऊ वापरील तरच.

बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून भरता येते आणि कायद्याने ते जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत भरायचे असते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज 5,000 रुपये आणि नंतर दररोज 10,000 रुपये शुल्क पडते. परंतु आपल्या मालाच्या बाबतीत शुल्क ही गौण गोष्ट आहे. बहुतेक बंदरांत वर्ग 1 चा, म्हणजे स्फोटकांचा, माल यार्डात ठेवूच देत नाहीत. जहाजावरून थेट वाहनावर आणि वाहन थेट दाराबाहेर, अशी पद्धत असते. म्हणून जहाज धक्क्याला लागेल तेव्हा बिल भरलेले, प्रश्नांची उत्तरे दिलेली, शुल्क चुकते केलेले आणि वाहन दाराशी उभे असले पाहिजे. माल पडून राहिल्यास सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 48 चे भय आहे. इतर मालाला तीस दिवस मिळतात, धोकादायक माल मात्र अधिकाऱ्याच्या परवानगीने केव्हाही विकता येतो.

मूल्यांकन चेहराविरहित झाल्याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. आपले बिल न्हावा शेवाचे असले तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो, आणि त्याने परफोरेटिंग चार्ज, म्हणजे नळाला छिद्रे पाडणारे चार्ज, कधी पाहिलेले नसेल. त्याला समजेल असे एक पानी टिपण, त्यात वस्तूचे छायाचित्र, उपयोग, वर्गीकरणाचे कारण आणि निव्वळ वजनाचा हिशेब मांडून, ई-संचितमध्ये आधीच जोडावे. प्रत्येक कागदाला मिळणारा आयआरएन क्रमांक बिलात बरोबर उतरला आहे का, हे पाहावे. स्कॅन सरळ असावा. तिरक्या स्कॅनमध्ये परवाना क्रमांकाचा शेवटचा आकडा कापला गेल्याने दोन दिवस गेल्याचे उदाहरण आमच्याच कार्यालयातले आहे.

बंदर आणि जहाज कंपनी निवडतानाच त्यांची लेखी संमती घ्यावी. सगळी जहाजे वर्ग 1 चा माल घेत नाहीत, आणि मधल्या बंदरात कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर त्या देशाचीही परवानगी लागू शकते. शक्य असेल तर थेट जहाज घ्यावे, भाडे जास्त पडले तरी. विमानाने येणाऱ्या लहान मालाचे नियम वेगळे आहेत. तिथे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे 2003 चे नियम लागतात आणि प्रवासी विमानातून सामान्यतः केवळ 1.4एस या गटाचाच विचार होतो.

अमोनियम नायट्रेट आणणाऱ्यांसाठी 2012 चे स्वतंत्र नियम आहेत. बैरूतनंतर 2021 मध्ये त्यांत दुरुस्ती झाली आणि आयात केवळ पोत्यांतून, तसेच माल बंदर परिसरापासून 500 मीटरपलीकडच्या गोदामात हलवणे, अशा अटी आल्या. जप्त माल लिलावाने लवकर निकालात काढण्याची सोयही तेव्हाच झाली. चेन्नईजवळ मणलीला सुमारे 700 टन जप्त नायट्रेट 2015 पासून पडून होते, हे बैरूतनंतरच सर्वांच्या ध्यानात आले होते.

धक्क्यापासून मॅगझीनपर्यंत

रस्त्याने माल आणणाऱ्या वाहनाला एलई-7 नमुन्यातील परवाना लागतो. जहाजाची तारीख पुढे-मागे होते, म्हणून वाहनाच्या परवान्याची मुदत अपेक्षित तारखेच्या पुढे किमान महिनाभर तरी शिल्लक असावी. डेटोनेटर असतील तर त्यांचे वाहन वेगळे. चालकाला बॅच क्रमांकांपासून अग्निशामकापर्यंत काय सोबत आहे आणि वाटेत कुठे थांबायचे नाही, हे त्याला येणाऱ्या भाषेत समजावून सांगावे. न्हावा शेव्याहून वडोदऱ्याकडे येताना ठाण्याची आणि सुरतेची गर्दी लागते, त्यामुळे निघण्याची वेळ धक्क्यावरच्या सोयीने न ठरवता रस्त्याच्या सोयीने ठरवावी. ज्या पोलिस ठाण्यांना सूचना द्यायची त्यांची पोच फाइलला लावावी.

मॅगझीनवर वाहन पोचले की मूळ तक्ता पुन्हा बाहेर काढावा. खोकी मोजावीत, सील पाहावे, प्रत्येक खोक्यावरील बॅच क्रमांक तक्त्याशी ताडावा, आणि मगच साठा नोंदवहीत घ्यावा. ही नोंद दुसऱ्या दिवसावर टाकू नये. एखादे खोके कमी निघाले, फुटलेले आढळले किंवा एखादा नगही जास्त भरला, तर त्याच संध्याकाळी पेसोला आणि पोलिसांना लेखी कळवावे, पुरवठादाराच्या खुलाशाची वाट पाहू नये. सारे जुळले की नोंदवहीतील पानाचे छायाचित्र काढून तक्त्यासोबत ठेवावे आणि परवान्यावर किती प्रमाण शिल्लक राहिले, तो आकडा पुढच्या मालाच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहावा.